उन्हाळ्यात ग्लेशियरवर स्की: समिट पाहिजे की उतार, आधी ठरव

भावा, तुझा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल मी कशाचं उत्तर देतोय. तू आणि तुझा मावसभाऊ, दोघंही कोल्हापूरचे, दोघांचं बीएमसी (गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स) झालंय, गुलमर्गला स्कीचा बेसिक कोर्स झालाय. सुट्टी मिळतेय जूनच्या शेवटच्या आठवड्यात. डोक्यात दोन बेत आहेत, एक तर मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर (५२८९ मीटर) स्की घेऊन, नाहीतर सरळ रशियातलं एल्ब्रुस (५६४२ मीटर) दक्षिणेकडून, समिट मारायचं आणि तिथूनच स्कीनं खाली. दोघंच, गाइड नको. आणि विचारलंयस की उतरताना रोप लावायचा का, स्की कसल्या घ्यायच्या, आणि कोल्हापुरात बर्फच नाही तर तयारी करायची कशी.

सरळ सांगतो. जूनच्या शेवटी फ्रेंडशिप सोडून दे. एल्ब्रुस जमेल, पण दोघंच नको, आणि समिट आणि स्की ह्यातलं त्या दिवशी नेमकं काय करायचंय ते निघायच्या आधी ठरवून जा. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

उन्हाळ्यातल्या स्कीचा सगळा खेळ आदल्या रात्री ठरतो. गुलमर्गला तू जे केलंस ते ताज्या भुसभुशीत बर्फात किंवा मशीननं दाबलेल्या उतारावर. जूनमध्ये तो बर्फ नसतो. असतो तो जुना, दिवसा वितळायचा रात्री गोठायचा असं रोज होऊन होऊन ज्याचे दाणे साबुदाण्याएवढे झालेत असा, त्याला कॉर्न म्हणतात. पहाटे तो इतका टणक असतो की स्कीची धार त्याच्यावर नुसती खरवडत जाते. ऊन लागलं की वरचे दोन-चार सेंटिमीटर मऊ होतात आणि खालचा थर अजून घट्ट असतो, ती वेळ आपली. तेवढ्या वेळात स्की अशी वळते की कालपरवा शिकलेल्याला पण वाटतं आपण लई भारी. तास-दीड तास, कधी त्याहून कमी. त्यानंतर पाणी खाली झिरपतं, दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि मग गुडघाभर रबडा, त्यात स्की अडकून माणूस पुढं गेला की लिगामेंटचा निकाल, आणि उतार जरा उभा असेल तर तो रबडाच आपल्याला घेऊन खाली निघतो.

म्हणजे रात्री बर्फ नीट गोठला तर दिवस आहे, नाहीतर नाही. आणि इथं लोक फसतात, मोबाइलवर तापमान बघतात, उणे एक दाखवतंय म्हणजे गोठणार. असं नसतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचार, डिसेंबरात आभाळ आलं की त्या रात्री थंडी पडत नाही हे तो सांगेल. बर्फ आपली उष्णता रात्रभर आकाशात सोडत असतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन डिग्री वर असतानाही पृष्ठभाग गोठतो, आणि ढग असतील तर ते ती उष्णता परत खाली पाठवतात, मग हवा शून्याला टेकली तरी वर नुसती पापडी धरते आणि खाली सगळं ओलं. ही पापडी फार फसवी, चढताना वाटतं मस्त टणक आहे, नऊ वाजता पाय मांडीपर्यंत आत.

त्यामुळं रात्री दोन-तीनला बाहेर ये, पहिल्यांदा वर बघ चांदण्या दिसतायत का. मग पोल उलटा धरून मूठ बर्फावर आपट, आणि बुटाची टाच जोरात मार. टाच आत गेली तर परत झोप. हे परत झोपणं सगळ्यात अवघड आहे, कारण सुट्टी मोजकी असते, तिकिटं काढलेली असतात, घरच्यांना सांगितलेलं असतं. पण त्या दिवशी वर गेलास तर वाईट बर्फात चढायचं आणि त्याहून वाईट बर्फात उतरायचं, दुसरं काय हाताला लागणार नाही.

आता फ्रेंडशिप का नको ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मान्सून आपल्याकडं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि हिमाचलात साधारण जूनच्या शेवटी, म्हणजे तू मनालीजवळच्या सोलंगला उतरशील तेव्हा तोही उतरत असेल. रात्रीचे ढग, वर ओला बर्फ, खाली पाऊस. शिवाय तोवर बर्फाची रेषा इतकी वर सरकलेली असते की शिखराखालच्या ब्यास कुंडाच्या दगडगोट्यांतून स्की पाठीवर घेऊन चालण्यातच दोन दिवस जातात. तिकडचा स्कीचा हंगाम एप्रिलचा शेवट ते मे. मोठ्या लोकांचं बघितलंस तरी हेच दिसतं, २०१७ मध्ये अमेरिकेचे हिलरी नेल्सन, जिम मॉरिसन आणि ख्रिस फिगेनशॉ ह्यांनी हिमाचलातलं पापसुरा (६४५१ मीटर) स्कीनं उतरलं ते मे महिन्यात. आणि पोलंडच्या आंद्झे बार्गिएलनं के-टूच्या माथ्यापासून स्कीनं उतरायचा पराक्रम २०१८ च्या जुलैत केला, कारण काराकोरमपर्यंत मान्सूनचा तसा जोर पोचत नाही. काही जण म्हणतील मग लडाख-झंस्करला जा की, तिथं पाऊस नाही. पाऊस नाही तसा हिवाळ्यात बर्फ पण बेताचाच पडतो, जुलैत ग्लेशियरच्या खालच्या भागात उघडा आइस आणि मोरेनचा, म्हणजे ग्लेशियरनं आणून टाकलेला दगडधोंडा. पेन्सी ला खिंडीवरून द्रांग-द्रुंग ग्लेशियर बघायला जबरदस्त दिसतो, स्कीला मात्र खालचा भाग कामाचा नाही.

एल्ब्रुस. तिथं मान्सून नाही, पण जुलैत दुपारी गडगडाट होतो आणि हवा बिघडली की पंधरा-वीस मिनिटांत काही दिसेनासं होतं. दक्षिणेकडून अझाऊहून केबल कारनं गाराबाशीपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३८५० मीटरपर्यंत बसूनच जाता येतं, तिथून पुढं स्नोकॅट (बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी) माणसं पास्तुखोव्ह खडकांपर्यंत, साधारण ४७०० मीटरपर्यंत, कधी त्याच्याही वर सोडतात. ह्यामुळं लोकांना वाटतं सोपं आहे. उतार खरंच फार उभा नाही. धोका दुसरीकडं आहे, वर सांगितलेल्या वेळेच्या गणितात आणि रूट सोडून बाजूला गेलं की लागणाऱ्या क्रेव्हासमध्ये, म्हणजे ग्लेशियरमधल्या खोल भेगांमध्ये.

वेळेचं बघ. समिटवाले रात्री बारा ते दोनच्या मध्ये निघतात, आठ ते अकराच्या दरम्यान कधीतरी माथ्यावर पोचतात. ५००० च्या वर वारा सतत असतो, तिथला बर्फ वाऱ्यानं घासून कडक झालेला, कुठं कुठं नुसता आइस, तो ऊन असलं तरी दिवसभर मऊ होत नाही. म्हणजे तू नऊला समिटवरून स्की लावलीस तर वरचे पाचशे-सहाशे मीटर खरवडत, जीव मुठीत धरून. त्यात एल्ब्रुसच्या दोन शिखरांमधल्या खोगिराकडून खाली येणारी ती तिरकी आडवी वाट आहे, पूर्व शिखराच्या कुशीतून जाते, तिच्या खालचा उतार सरळ क्रेव्हासच्या पट्ट्याकडं जातो आणि कडक बर्फावर तिथं पाय घसरला तर थांबायला काही नाही. आणि ते सगळं सांभाळून ४५०० ला पोचेपर्यंत अकरा-बारा वाजलेले, खाली रबडा. म्हणजे वर फार कडक, खाली फार मऊ, आणि मधल्या ज्या पट्ट्यासाठी एवढी स्की वाहून नेली त्याची वेळ कधीच गेलेली.

म्हणून माझं मत असं की हे दोन वेगळे दिवस कर. एक दिवस समिटचा, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी दाते) आणि आइस अ‍ॅक्सवर, स्की ४७०० च्या आसपास खोचून ठेव नाहीतर हटवरच ठेव. दुसरा दिवस स्कीचा, सकाळी सावकाश निघ, ४७००-४८०० पर्यंत स्किन्सवर (स्कीच्या तळाला चिकटवायच्या, मागं घसरू न देणाऱ्या पट्ट्या) चढ, खालचा बर्फ मऊ व्हायची वाट बघत बस आणि साडेनऊ-दहाला खाली सूट. त्या दिवशी समिट नाही. मला माहितीय आपल्याकडं कसं असतं, निघताना बिंदू चौकात फोटो, भगवा बॅगेत, परत आल्यावर पेपरात बातमी आणि तालमीत सत्कार, आणि त्या बातमीत "४७०० मीटरवरून उत्तम कॉर्नमध्ये उतरला" ह्याला काही किंमत नाही. भगवा माथ्यावर न्यायचा तर अभिमानानं ने, पण त्या दिवशी स्कीचा हट्ट धरू नको. दोन्ही एका दिवसात साधणारे लोक आहेत, त्यांना कडक बर्फावर तीस-पस्तीस डिग्रीत उडी मारून वळता येतं आणि पडल्यावर थांबता येतं. गुलमर्गच्या एका कोर्समध्ये ते येत नाही.

आणि दिवस गुंडाळायचा केव्हा ते घड्याळावर नको, बर्फावर ठरव. बुटाखाली बर्फ घोट्यापर्यंत दबतोय तोवर ठीक, घोट्याच्या वर जायला लागला की खाली निघायचं, माथा दोनशे मीटरवर असला तरी. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत खाली यायला लागले, त्यांच्या मागं रेघा उमटल्या, तर तो डोंगर सांगतोय की आता वरचा थर सुटतोय. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेचे, पश्चिमेचे दुपारकडं. त्यामुळं सकाळी ज्या बाजूनं चढलास ती बाजू उतरायला योग्य असेलच असं नाही.

दुपारचा अजून एक विषय आहे, त्याचा स्कीशी संबंध नाही पण ग्लेशियरशी आहे. ३ जुलै २०२२ ला इटलीत मार्मोलाडा डोंगरावर दुपारी ग्लेशियरचा एक मोठा तुकडा सुटला आणि खालच्या वाटेवरचे ११ जण गेले. त्या आठवड्यात वर माथ्याजवळ सुद्धा दहा डिग्रीच्या आसपास तापमान होतं. त्याच महिन्यात आल्प्समधल्या मों ब्लांच्या नेहमीच्या वाटेवर दगड इतके पडायला लागले की तिथल्या गाइड लोकांनी काही दिवस कामच थांबवलं. त्यामुळं लटकत्या सेरॅकखाली (ग्लेशियरचा सुटायला आलेला कडा) जेवायला बसायचं नाही, फोटोला थांबायचं नाही, आणि सलग चार-पाच दिवस उष्णतेची लाट असेल तर सकाळ कितीही छान दिसली तरी त्या बाजूला जायचं नाही.

आता क्रेव्हास आणि रोप. तुझा मुख्य प्रश्न हाच आहे आणि ह्यावर नेटवर दोन टोकाची मतं आहेत.

ग्लेशियर जिथं पोटातून फुगतो, म्हणजे उतार हळूहळू उभा होत जातो अशा ठिकाणी वरचा थर ताणला जातो आणि भेगा पडतात. कडेला खडकाजवळ पण पडतात, वळणावर बाहेरच्या बाजूला पण. खोलगट भागात बर्फ दाबला जातो, तिथं कमी. ऑगस्टनंतर वरचा बर्फ गेला की भेगा उघड्या दिसतात, आणि दिसणारी भेग बरी, तिला वळसा घालता येतो. जून-जुलैत त्यांच्यावर अजून हिवाळ्यातल्या बर्फाचे पूल असतात, पहाटे घट्ट, दुपारी कुजलेले. त्याच पुलावरून तू सकाळी सहाला गेलास आणि बाराला परत आलास तर तो पूल तोच नसतो. पुलाच्या जागी बर्फाला हलका झोळ पडलेला दिसतो, कधी रंगात जरा फरक, तिरक्या उन्हात हे जास्त नीट दिसतं, गॉगल क्षणभर वर करून बघायला हरकत नाही.

चढताना, बर्फानं झाकलेला ग्लेशियर असेल तर रोप लावायचा, ह्यात चर्चा नाही. उतरताना बहुतेक अनुभवी लोक रोप न लावता स्की करतात, कारण रोपमध्ये स्की करणं दोघांनाही एकमेकांना पाडण्याचा उत्तम मार्ग आहे, शिवाय स्कीनं वजन लांबीवर वाटलं जातं आणि वेगात पूल ओलांडला जातो. पण रोप न लावता म्हणजे हार्नेस (दोरी बांधायचा कमरेचा पट्टा) न घालता असं नाही! हार्नेस सकाळपासून अंगावर, त्याला एक लांब स्लिंग (पट्ट्याचा फास) अडकवून तिचं दुसरं टोक कॅराबिनरनं (उघडझाप कडीनं) सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला, म्हणजे तू भेगेत अडकलास तर वरच्याला तुझ्या कमरेपर्यंत हात घालायची गरज पडत नाही, तिथंच हुक लावता येतो. भेगांना काटकोनात ओलांडायचं, त्यांच्या रेषेला समांतर आडवं जायचं नाही, नाहीतर पूर्ण स्कीच्या लांबीसकट एकाच पुलावर असशील. पुढच्याच्या खुणेत खुणा टाकायच्या, अंतर ठेवायचं, थांबताना घोळका करायचा नाही. व्हाइटआउट झाला (सगळं पांढरं, काही दिसेना) किंवा पूल संशयास्पद वाटले तर मात्र रोप लावून, हळू, नांगर चालवल्यासारखं का होईना पण उतरायचं, त्यात कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट जी कोर्समध्ये फार कोणी ठासून सांगत नाही. लोक भेगेत पडतात ते स्की करताना कमी, स्की काढल्यावर जास्त. लघवीला बाजूला गेला, फोटो काढायला चार पावलं मागं सरकला, आणि बुटाचं सगळं वजन एका ठिकाणी आलं. प्रोबनं (बर्फात खुपसायची लांब काठी) जागा तपासल्याशिवाय ग्लेशियरवर स्की काढायची नाही. लाज वाटली तरी तिथंच उरक.

रोप कोणाकडं? पहिल्याच्या सॅकमध्ये रोप असेल आणि तोच आत गेला तर रोप पण गेला. त्यामुळं रोप मागच्याकडं, आणि जमलं तर दोन हलके तीस मीटरचे, एकेक दोघांकडं.

आता दोघंच का नको. तिघांच्या रोपवर एक पडला तर दोघं धरतात, एक धरून ठेवतो आणि एक अँकर (दोरी बांधायला पक्का आधार) करतो. दोघांत एक पडला तर राहिलेल्या एकट्यानं पोटावर पडून त्याचं वजन धरायचं, त्याच अवस्थेत स्की काढून खड्डा खणायचा, अँकर पुरायचा, वजन त्यावर द्यायचं आणि मग ओढायची सिस्टीम लावायची. पायात स्की असताना हे करून बघ म्हणजे कळेल. दोघांच्या रोपमध्ये मधे फुगीर गाठी मारतात, बटरफ्लायच्या, त्या भेगेच्या ओठात अडकून पडणाऱ्याला थांबवायला मदत करतात, अंतर पण जास्त ठेवतात, पंधरा-अठरा मीटर. पण त्याच गाठींमुळं ती दोरी वर ओढता येत नाही, म्हणून उरलेल्या दोरीची घडी दोघांनी आपल्याजवळ ठेवायची आणि तिचा वेगळा फास पुलीसकट खाली सोडायचा. हे सगळं येत असेल आणि हातात बसलेलं असेल तरीही दोघं म्हणजे कमीत कमी, आणि तुमचं अजून हातात बसलेलं नाही. अजून दोघं शोधा, किंवा पहिल्या वेळेला स्की येणारा गाइड घ्या. गाइड घेतला म्हणजे आपण कच्चे असं काही नसतं.

हे हातात बसवायला कोल्हापूर वाईट नाही, खरंच. बर्फ नाही पण विहिरी आहेत. मालकाला विचारून एखादी रुंद, बांधीव विहीर धर, एकाला हार्नेसमध्ये खाली सोड, वेगळ्या बॅकअप दोरीवर आणि लाइफ जॅकेट घालून, आणि बाकीच्यांनी झेड-पुली (दोरी झेडसारखी फिरवून तीनपट ताकद देणारी रचना) लावून वर काढा. तीनास एकचा फायदा कागदावर असतो, विहिरीच्या काठावर दोरी घासली की त्यातला निम्मा गायब होतो हे एकदा हातानं अनुभवायला पाहिजे. बर्फात हे अजून वाईट, दोरी ओठात करवतीसारखी आत घुसते, म्हणून ओढायच्या आधी काठाखाली पोल किंवा आइस अ‍ॅक्सचा दांडा सरकवायचा आणि तो बांधून ठेवायचा. प्रुसिकवर (मुख्य दोरीला आवळून बसणारे बारीक दोरीचे फास) स्वतः वर चढायचं पण ह्याच विहिरीत, सॅक पाठीवर घेऊन, मग ती सॅक काढून खाली लटकवून. अँकर मात्र इथं जमणार नाही. बर्फात स्कीचा अँकर म्हणजे ओढीच्या दिशेला आडवा खड्डा, त्यात स्की आडवी पुरायची, मधोमध स्लिंग, आणि स्लिंगच्या रेषेत बर्फात चर कापायची. स्कीच्या धारेवर स्लिंग कापली जाऊ शकते, तिथं हातमोजा किंवा कापड घाल. दुपारच्या मऊ बर्फात खड्डा जास्त खोल. हे तिथं पोचल्यावर पहिल्याच दिवशी, झोपायच्या आधी, दोनदा-तीनदा करून बघा.

पायांची तयारी. पन्हाळ्याला, जोतिबाला सगळे चढायचा सराव करतात. स्कीला मांडी लागते ती उतरतानाची, स्नायू लांब होत असताना वजन धरणारी. त्यामुळं वजन घेऊन चढ आणि वजन घेऊनच उतर, काही जण वर जाऊन पाण्याच्या बाटल्या ओतून रिकामे उतरतात, गुडघ्याला बरं वाटतं, पण आपलं काम उतरतानाच आहे. वजन हळूहळू वाढव. तालमीत जात असशील तर बैठका आहेतच, फक्त खाली जाताना सावकाश, चार-पाच आकडे मोजत. इनलाइन स्केट्सवर पहाटे मोकळ्या रस्त्यावर तोल आणि धारेवर झुकायची सवय होते, हेल्मेट घालून. पण ह्यातलं काहीही कडक बर्फावरच्या वळणाला पर्याय नाही. पुढच्या हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन मुद्दाम सकाळी लवकर, बर्फ खडखडीत असताना स्की कर, जेव्हा बाकीचे चहा पीत असतात.

सामानाबद्दल जास्त लिहीत नाही. स्की नव्वद-पंच्याण्णव मिलिमीटर रुंद, त्याहून रुंद स्की पहाटेच्या कडक आडव्या उतारावर त्रास देते. पिन बाइंडिंग (चढताना टाच मोकळी सोडणारी बुटाची पकड), टूरिंगचे बूट. स्की क्रॅम्पॉन (स्कीला लावायचे दाते) घेच, लोक हे टाळतात आणि मग पहाटे वीस-पंचवीस डिग्रीवर स्किन्स घसरायला लागल्या की घाम फुटतो. बुटांचे क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्स वेगळे, अ‍ॅल्युमिनियमचे हलके क्रॅम्पॉन बर्फावर चालतात पण एल्ब्रुसच्या वरच्या आइसवर स्टीलचे बरे. हेल्मेट, ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं यंत्र), प्रोब, फावडं, उन्हाळा आहे म्हणून फावडं घरी ठेवू नको, अँकर खणायला तेच लागतं. स्किन्सचा गोंद दुपारी ओला होतो आणि मग चिकटत नाही, म्हणून रबरी पट्टे दोन-चार जास्त. आणि धार लावायला स्की उद्यमनगरात ग्राइंडरवाल्याकडं देऊ नको, बाप्ये चांगले आहेत पण मशीनच्या उष्णतेनं धार जळते, हाताची फाइल आणि अँगलचा गाइड घे आणि घरी गॅलरीत बसून घास.

बूट मात्र स्वतःचे असावेत, बाकी सगळं भाड्यानं मिळतं तिकडं. भाड्याच्या टूरिंग बुटात पाय कापला गेला की सगळी ट्रिप संपली.

उंचीचं तुला बीएमसीत शिकवलंय, पण केबल कारमुळं लोक विसरतात. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, आणि तू दोन-तीन दिवसांत ३८५० ला झोपायला तयार. खाली तेरस्कोल किंवा अझाऊला दोन-तीन रात्री काढ, दिवसा वर जाऊन ये, झोपायला खाली. एल्ब्रुसच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, तिथं चार वळणांनंतर धाप लागते आणि धाप लागलेला माणूस पाचवं वळण आळसानं घेतो. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही, सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नसेल तर ताबडतोब खाली, अंधार असला तरी. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर इथंच डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर सांगून. गॉगल कॅटेगरी चारचा, एक जास्तीचा जोडीला, आणि सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत, हनुवटीखाली, ऊन खालून परत येतं. तोंड उघडं ठेवून धापा टाकत चढलं की टाळू सुद्धा भाजतो, मग तीन दिवस तिखट विसरा, आपल्या लोकांना ही खरी शिक्षा.

विमा काढताना पॉलिसी शेवटपर्यंत वाच. बऱ्याच ट्रेकिंगच्या पॉलिसीत ठराविक उंचीच्या वर, किंवा ग्लेशियरवर, किंवा पिस्ट (आखलेला, दाबलेला उतार) सोडून केलेली स्की सरळ वगळलेली असते, आणि हेलिकॉप्टरचं बिल बघून भल्याभल्यांना फ्रेंडशिप परवडलं असतं असं वाटतं.

मावसभावाला हे वाचायला दे आणि अजून दोघं मिळतात का बघ. शियेकडं एका मित्राच्या रानात चांगली बांधीव विहीर आहे, पाऊस लागून भरायच्या आत एखाद्या रविवारी सकाळी जमू. पुली आणि प्रुसिक माझ्याकडं आहेत, हार्नेस आणि स्कीचे बूट तुम्ही आणा, बूट घालूनच सगळं करायचंय.